मंडळाच्या खोलीतलं धान्याचं कपाट : अनुभव, चुका आणि तीन प्रश्न

दळणकांडण | शनिवार, रात्री ९:५०

मागे एका धाग्यावर मी आमच्या धान्याच्या कपाटाचा ओझरता उल्लेख केला होता, तेव्हा काहीजणांनी सविस्तर लिहा म्हणून सांगितलं होतं. लिहायचं राहून जात होतं. आज संध्याकाळचं काम लवकर आटोपलं, म्हणून बसले.

२५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकतानगरीत ते सोसायट्यांत शिरलं, हे पुणेकरांना सांगायला नको. आमची गल्ली जरा चढावर, आम्ही वाचलो. पण पुढचे आठ-दहा दिवस आमच्या गणेश मंडळाच्या खोलीत मदतीचा नुसता डोंगर झाला. गहू, तांदूळ, तूरडाळ, तेलाच्या पिशव्या, बिस्किटांचे पुडे, आणि जुने कपडे, ज्यात एक शेरवानीसुद्धा होती. आठवडाभर सगळ्यांना देण्याची घाई, मग एकदम सामसूम. ७ सप्टेंबरला गणपती बसणार, ढोल ठेवायला जागा हवी. उरलेलं धान्य टाकायचं कुठे? मंडळाच्या एका मुलाने घरचं जुनं लोखंडी कपाट आणून भिंतीला लावलं आणि म्हणाला, "काकू, तुम्ही बँकेत होतात ना, चावी तुमच्याकडे." तेव्हापासून दर शनिवारी ५ ते ७ मी तिथे बसते.

पहिला महिना कोणी फिरकलं नाही. बाहेर फळा लावला होता : "गरजूंसाठी मोफत धान्य." माणसं वाचायची आणि पलीकडच्या फुटपाथने जायची. आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या बाईंनीच शेवटी सांगितलं, "ताई, त्या पाटीखालून आत शिरायचं म्हणजे कपाळावर शिक्का मारून घेतल्यासारखं आहे." मग फळा पुसला आणि लिहिलं : "धान्य संपलंय? आत या. शनिवारी ५ ते ७." पुढच्या शनिवारी सहा जण आले. आता कमी-जास्त धरून तीस-पस्तीस घरं येतात. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी जास्त.

कोण येतं? सिग्नलवर हात पसरणारं कोणी येत नाही. चार घरची धुणीभांडी करणारी, जिच्या दोन घरांनी एकाच महिन्यात वॉशिंग मशीन आणि डिशवॉशर घेतलं. ज्याचा पगार एजन्सी वीस तारखेला करते असा वॉचमन. पायाला प्लास्टर घातलेला रिक्षावाला. आणि ज्यांची मी अजिबात अपेक्षा केली नव्हती असे एक आजी-आजोबा, दोन खोल्यांचा स्वतःचा फ्लॅट असलेले. आजोबा खाजगी कारखान्यात होते. ईपीएस-९५, म्हणजे खाजगी नोकरीतल्यांची पीएफची पेन्शन योजना, तिचं किमान पेन्शन २०१४ पासून महिना १००० रुपयांवर अडकलंय, बँकेत असताना मी अशी पासबुकं रोज पाहिली आहेत. आजोबा पहिल्यांदा आले ते किलोभर पोहे दान करायला. दुसऱ्यांदा आले, बराच वेळ माझ्याशी ठेवींच्या व्याजदरावर बोलले, आणि निघताना कपाटाकडे न बघता म्हणाले, "तूरडाळ असेल तर अर्धा किलो..." मी पिशवी त्यांच्या हातातल्या वर्तमानपत्राखाली सरकवली. दोघेही व्याजदरावरच बोलत राहिलो.

आता चुका. पहिले तीन महिने आम्ही सगळ्यांना एकच किट द्यायचो : पाच किलो गहू, दोन किलो तांदूळ, किलो डाळ, लिटर तेल. हिशोबाला सोपं. मग कळलं की गहू बऱ्याच घरांत नुसता पडून राहतो, कारण दळणाला पैसे लागतात. बिहारकडचे बांधकामावरचे मजूर तांदूळ मागायचे. एकट्या राहणाऱ्या म्हातारीला पाच किलो उचलवेना, ती पिशवी फरशीवरून ओढत नेत होती, ते बघून माझं मलाच कसंतरी झालं. तेव्हा किट बंद. आता सगळं अर्धा-अर्धा किलोच्या पिशव्यांत असतं आणि ज्याचं त्याने उचलायचं. घरात दोघं असतील तर पाच पिशव्या, चौघं असतील तर नऊ. काय उचलायचं ते त्यांनी ठरवायचं. गंमत म्हणजे सगळ्यात आधी संपते ती डाळ नाही. हळद आणि चहा पावडर. रेशनवर गहू-तांदूळ निघतो बऱ्याच जणांचा. फोडणीचं काय करायचं, हा खरा प्रश्न.

वहीत नाव लिहीत नाही. घरात किती जण, त्यात लहान किती, एवढंच. फोटो नाही. देणाऱ्यांचाही नाही. यावरून दोन दाते गेले.

धान्य टिकवण्याबद्दल : गव्हात बिब्बे, तांदळात कडुलिंबाचा वाळलेला पाला, डाळीला एरंडेलाचा हात. तरीही मागच्या पावसाळ्यात रव्याला जाळी धरली आणि सोंडे झाले, चार किलो टाकला. रवा आता घेतच नाही.

प्रश्न तीन. एक, दळणाचं काय करावं? दोन, शनिवारी ५ ते ७ ही वेळ स्वयंपाकाच्या बायांना जमत नाही, ती त्यांची कामाची वेळ. तीन, मे महिन्यात शाळा बंद, शाळेतली खिचडी बंद, त्या महिन्यात मुलांची घरं दुपटीने येतात. तेव्हाची सोय आधीपासून कशी करावी?

---

कंदीपेढा | शनिवार, रात्री १०:१२

शेरवानीचं पुढे काय झालं ते सांगा आधी.

---

दळणकांडण | शनिवार, रात्री १०:२०

मिरवणुकीत एका ढोलवाल्याने घातली. पथकाने हाकलला त्याला. पांढरा झब्बाच हवा म्हणे.

---

रोखठोक | शनिवार, रात्री ११:०५

काकू, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही. पण नाव लिहीत नाही, कार्ड बघत नाही, मग खरा गरजू कोण हे ठरवता कसं? फुकट मिळतंय म्हटल्यावर कोणीही येईल. आधीच सरकार फुकट धान्य देतंय, दहा रुपयांत थाळी देतंय, त्यात तुम्ही. स्पष्ट लिहितो, राग नसावा : याने माणसं पंगू होतात.

---

दळणकांडण | रविवार, सकाळी ७:१५

राग कशाला. हा प्रश्न आमच्या मंडळाच्या बैठकीत तुमच्यापेक्षा जोरात विचारला गेलाय.

फसवणारे भेटले का, तर हो. दोन. त्यातल्या एकाने तेलाच्या पिशव्या नेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात विकल्या, दुकानदारानेच सांगितलं. तीन पिशव्या गेल्या. त्या तीन पिशव्या वाचवायला मी प्रत्येकाचं उत्पन्नाचं दाखला-पत्र मागितलं असतं, तर ते आजोबा पहिल्या दिवशीच परत गेले असते. हा व्यवहार मला परवडतो. आणि अर्धा किलो डाळीसाठी शनिवारची संध्याकाळ रांगेत घालवायला पोट भरलेला माणूस येत नाही हो. एकदा येऊन बसा माझ्या शेजारी. चहा मी देईन, पावडर उरली असेल तर.

---

कंट्रोलचा_पोरगा | रविवार, सकाळी १०:४०

रोखठोक यांच्या "सरकार देतंय की" यावर थोडं सविस्तर. माझ्या वडिलांचं रेशन दुकान होतं, गावात अजून त्याला कंट्रोलच म्हणतात. लहानपणापासून पोत्यांवर बसून अभ्यास केलाय, त्यामुळे हे पुस्तकातलं नाही.

अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्यात दोन प्रकार. अंत्योदय कार्डाला महिन्याला घरटी ३५ किलो. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य पूर्ण मोफत केलं, आणि १ जानेवारी २०२४ पासून ती मोफत योजना पाच वर्षांसाठी वाढवली. इथपर्यंत ठीक.

आता भोकं बघा. एक : शहरात प्राधान्य यादीत यायला महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९ हजार. बाराने भागा, महिन्याला पाच हजारही होत नाहीत. पुण्यात चार घरची भांडी घासणारी बाईसुद्धा कागदावर याच्या वर जाते. दोन : किती लोकांना द्यायचं तो इष्टांक २०११ च्या जनगणनेवर बांधलेला. त्यानंतर हे शहर हिंजवडीपासून वाघोलीपर्यंत कुठच्या कुठे पसरलं, इष्टांक मात्र तिथेच. नवं नाव घालायचं तर आधी कोणाचं तरी कमी व्हायला लागतं. म्हणून केशरी कार्ड हातात असूनही धान्य शून्य, अशी घरं भरपूर. लोकांना वाटतं दुकानदार खातो. काही खातात, नाही म्हणत नाही, पण सगळा दोष तिथे नाही.

तीन : अंगठा. भांडी घासून, सिमेंट कालवून रेषा झिजतात, मशीन ठसा घेत नाही. आमच्या दुकानात एक गवंडी अंगठ्याला लिंबू चोळून यायचा. म्हातारी माणसं तर रडकुंडीला येत. चार : बाहेरून आलेला मजूर. "एक देश एक रेशन कार्ड" मध्ये कुठलंही कार्ड कुठेही चालतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पहिल्या चार राज्यांत सुरू झालं त्यात महाराष्ट्र होता, गुजरातसोबत जोडी. पण मजुराचं कार्ड गावी बायकोकडे, बायको तिकडे सगळ्यांचं धान्य उचलते, मग इथे मशीनवर शिल्लक दिसत नाही. हे त्याला कोणी सांगतच नाही, तो म्हणतो दुकानदाराने हाकललं.

दळणकांडण, तुम्हाला एक सुचवतो. शनिवारी कपाटाशेजारी एका कॉलेजच्या पोराला मोबाईल घेऊन बसवा. "मेरा रेशन" ॲपमध्ये कार्ड टाकलं की नावं, धान्य किती, सगळं दिसतं. ज्यांना बारा अंकी ऑनलाइन क्रमांकच मिळालेला नाही, ज्यांच्या लेकरांची नावं चढलेली नाहीत, ते तिथेच कळेल. मग अर्ज भरून रेशनच्या परिमंडळ कार्यालयात. दहातल्या दोघा-तिघांचं जरी मार्गी लागलं तरी तुमच्या गव्हावरचा ताण कमी होईल आणि पैसा डाळ-तेलाकडे वळवता येईल.

---

रोखठोक | रविवार, सकाळी ११:०२

५९ हजाराचं माहीत नव्हतं. म्हणजे वर्षाला ५९ हजार? महिन्याला नाही ना?

---

कंट्रोलचा_पोरगा | रविवार, सकाळी ११:०४

वर्षाला. ग्रामीण भागात ४४ हजार.

---

जुनीपेठ | रविवार, दुपारी १:३०

छान धागा. पुण्याला हे नवीन नाही. इथे शिकायला आलेली किती मुलं वार लावून जेवली, माधुकरी मागून शिकली. १९०९ साली निघालेलं अनाथ विद्यार्थी गृह, आजचं पुणे विद्यार्थी गृह, तिथली मुलं झोळी घेऊन घरोघर जायची. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्या घरची बाई मुलाला वाढायची, अभ्यास विचारायची. शहराने पोरं पोसली. तुमचं कपाट त्याच परंपरेतलं.

---

उंबरठा | रविवार, दुपारी २:१०

परंपरा खरी, पण तिची दारं सगळ्यांना उघडी नव्हती. माझे आजोबा १९३० च्या सुमारास पुण्यात शिकले. वार लावायला त्यांना कोणी अंगणातसुद्धा उभं केलं नसतं. ते मंडईत रात्री हमाली करायचे.

पुण्याचं दुसरं घराणं सांगायचं तर १८७६-७७ च्या दुष्काळात जोतीराव-सावित्रीबाईंनी सत्यशोधक समाजातर्फे उपाशी मुलांसाठी चालवलेली अन्नछत्रं, धनकवडीचा कॅम्प. आणि हमाल पंचायतीची कष्टाची भाकर. तिथे फुकट काही नाही. हमालाला परवडेल अशा भावात झुणका-भाकर, पैसे टेकवून ताठ मानेने जेवायचं. गेल्या वेळी नाना पेठेत गेलो तेव्हा माझ्या बाजूला एक सुटाबुटातला माणूसही जेवत होता. भाकरी अजून हाताने थापलेली.

---

जुनीपेठ | रविवार, दुपारी ३:००

मान्य. मी लिहिताना तो विचार केला नव्हता.

---

ओहायोकर | रविवार, संध्याकाळी ६:४५ (इथे सकाळ)

इकडचं थोडं. आमच्या गावात एका चर्चच्या तळघरात फूड पॅन्ट्री आहे, मी आणि नवरा महिन्यातून दोनदा जातो. तुमच्या धाग्यामुळे दोन शब्दांतला फरक सांगावासा वाटला. फूड बँक म्हणजे मोठं गोदाम : सुपरमार्केट, शेतकरी, कंपन्या यांच्याकडचा शिल्लक माल तिथे जातो. पॅन्ट्री म्हणजे गल्लीतली कोठीची खोली : ती बँकेतून माल आणते आणि शेजाऱ्यांना देते. पहिली फूड बँक १९६७ ची, ॲरिझोनातल्या फीनिक्समध्ये, जॉन व्हॅन हेंगेल नावाच्या गृहस्थाने काढलेली, सेंट मेरीज नावाची. अजून चालू आहे.

गंमत वाटली ती याची, की तुम्ही किटवरून "उचला काय हवं ते" वर तीन महिन्यांत आलात. इकडेही अनेक पॅन्ट्र्या बांधलेली खोकी द्यायच्या, आता हळूहळू दुकानासारखी मांडणी करतायत, ट्रॉली घेऊन फिरायचं आणि निवडायचं. आमच्याकडे बदल झाला तेव्हा मी धास्तावले होते, की सगळे मांसाचे डबेच उचलतील. तसं काही झालं नाही. उलट टाकून दिलं जाणारं कमी झालं. आधी लोक खोक्यातले घेवड्याचे डबे दाराबाहेरच्या बाकावर ठेवून जायचे. रांगच्या रांग असायची त्या डब्यांची. एकदा एका म्हाताऱ्याने मला विचारलं होतं, "तू खातेस का हे?" मी नाही खात.

एक फरक मात्र आहे. तुमच्याकडे दळण हा प्रश्न आहे, आमच्याकडे डबा उघडायचं यंत्र. खरंच. बेघर माणसाला डबा दिला आणि ओपनर नाही.

---

कॉटबेसिस | रविवार, रात्री ११:५५

पहिल्यांदाच लिहितोय, वाचतो नेहमी.

मी लातूर जिल्ह्यातला, तीन वर्षं झाली, एमपीएससी करतोय. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, एका खोलीत सहा जण. घरून सोयाबीनचे पैसे येतात तेव्हा येतात. भाव पडला की मेस एक वेळची करायची. सकाळी अकराला जेवायचं म्हणजे ते नाश्ता पण आणि जेवण पण, रात्री दोन वडापाव. अभ्यासिकेत निम्मी पोरं असंच करतात, कोणी कोणाला विचारत नाही. शिवभोजनची थाळी १० रुपयांत : दोन चपात्या, भाजी, वरण, भात. पण ठरावीक वेळेत आणि थाळ्या मोजक्या, बाराला पोचलो नाही तर संपली.

काकू, सांगायचं एवढंच, की तुमचं कपाट आमच्या कामाचं नाही. वाईट वाटून घेऊ नका. आमच्याकडे गॅस नाही, मालक इंडक्शन लावू देत नाही. डाळ नेऊन करू काय? शिजवायला न लागणारं काही ठेवत असाल तर मी सांगेन पोरांना. फुटाणे, गूळ, शेंगदाणे, चुरमुरे. आणि शनिवारी नको, रविवारी रात्री ठेवा, शनिवारी टेस्ट सिरीज असते.

---

दळणकांडण | सोमवार, सकाळी ८:३०

कॉटबेसिस, वाईट कशाला वाटेल, डोळे उघडले. आमच्या गल्लीत दोन अभ्यासिका आहेत आणि माझ्या डोक्यात हे कधी आलं नाही. फुटाणे-गुळाचं आजच भुसार बाजारात ज्यांच्याकडून डाळ घेतो त्यांना विचारते. तुम्ही पेठेतून इतक्या लांब येणार कसे हा प्रश्न उरतोच. तिकडे कोणाची जागा असेल तर धाग्यावर सांगा कोणीतरी.

---

मंगलाष्टक | सोमवार, सकाळी १०:१५

सिंहगड रोडला एवढी मंगल कार्यालयं आहेत. लग्नात टोपलीभर मसालेभात, जिलबी उरते. ते का नाही आणत? विद्यार्थ्यांचाही प्रश्न सुटेल.

---

दळणकांडण | सोमवार, सकाळी ११:४०

एकदा आणलं होतं. मे महिना, दुपारचं लग्न, फोन आला साडेतीनला, टेम्पो आला पाच वाजता. पातेल्याचं झाकण उघडलं आणि मंडळाचा एक मुलगा पाऊलभर मागे सरला. वरून भात ठीक दिसत होता, मधे हात घातला तर कोमट आणि चिकट, आंबूस वास. दारात वीस माणसं उभी. त्यांच्यासमोर तो भात परत टेम्पोत चढवायला जे लागलं ते मी विसरणार नाही. एक बाई म्हणाली, "आम्ही धुऊन घेऊ." नाही दिला.

शिजलेल्या अन्नाचं काम करणाऱ्यांनी करावं, त्यांच्याकडे गाड्या असतात, वेळा पाळतात. एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१९ चे शिल्लक अन्नाचे नियमही आहेत त्यासाठी. आम्ही चार निवृत्त बायका आणि सहा पोरं, आमच्याने होणारं ते काम नाही. कोरडा शिधाच बरा.

---

मंगलाष्टक | सोमवार, दुपारी १२:०५

पटलं.

---

नाव_नको | सोमवार, रात्री १२:२०

हे लिहायला नवीन आयडी काढलाय.

एप्रिल २०२०. नवरा केटरिंगमध्ये होता, लग्नंच बंद. मी पार्लरमध्ये, ते बंद. घरभाडं थकलं. दोन मुलं. साठवलेलं तीन आठवडे पुरलं. मग आमच्या भागात किट वाटप झालं तेव्हा मी गेले. आधी ओढणी डोक्यावरून घेतली, मग मास्क होताच, बरं वाटलं मास्क आहे म्हणून. किट देताना त्यांनी मास्क खाली घ्यायला सांगितला. फोटोसाठी. चार माणसं एका पिशवीला हात लावून उभी आणि मधे मी.

तो फोटो फिरत फिरत मुलीच्या वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर आला. कोणी वाईट हेतूने टाकला नसेल, "आपल्या भागात चांगलं काम" म्हणून टाकला होता. मुलगी तेव्हा पाचवीत. तिने मला काही विचारलं नाही. ऑनलाइन वर्गात कॅमेरा बंद ठेवायला लागली, एवढंच.

त्या किटमध्ये साखर होती, चहा नव्हता. हसाल तुम्ही. पण त्या दिवसांत मला चहाचीच भूक होती. सकाळी उठून आधण ठेवायचं आणि त्यात टाकायला काही नाही. साखरेचं पाणी प्यायचो आम्ही दोघं, मुलं उठायच्या आत.

आता बरं चाललंय. काकू, तुमच्या कपाटात हळद आणि चहा पावडर आधी संपते हे वाचून लिहावंसं वाटलं. मी दर महिन्याला चहा पावडर पाठवेन. पत्ता व्यक्तिगत निरोपात द्या. नाव विचारू नका.

---

रोखठोक | मंगळवार, सकाळी ७:५०

काकू, शनिवारी येतो. मोबाईलवालं काम मी करीन, मला फॉर्म भरायची सवय आहे. माझी मतं तीच आहेत, ती बाहेर ठेवून येईन.

---

दळणकांडण | मंगळवार, सकाळी ९:००

या. मतं आत आणली तरी चालतील, खोलीत जागा आहे, ढोल आता वर माळ्यावर टाकलेत.

नाव_नको, निरोप पाठवलाय. काही विचारत नाही.

---

वारजेकर | मंगळवार, दुपारी ४:१५

वेळेबद्दल. आम्ही वारज्यात, मजूर अड्ड्याच्या जवळ, असंच छोटं काही चालवतो. आम्ही सकाळी ९ ते १० ठेवलंय. ज्यांना काम मिळतं ते तोवर निघून गेलेले असतात, आणि ज्यांना त्या दिवशी काम मिळालं नाही तेच अड्ड्यावर उरतात. आपोआप चाळणी लागते, कोणाला काही विचारावं लागत नाही. स्वयंपाकाच्या बायांसाठी दुपारी २ ते ३ बघा. सकाळची कामं संपलेली, संध्याकाळची सुरू व्हायची, त्या तासात त्या घरी जाता जाता थांबू शकतात.

गॅसचं पण बघा. आमच्याकडे काहीजणांकडे धान्य असतं, सिलिंडर संपलेला असतो. पाच किलोचा छोटा सिलिंडर भरून द्यायला आम्ही सुरुवात केली. धान्यापेक्षा महाग पडतो, पण त्यावाचून सगळं धान्य कच्चंच.

मे महिन्याचं : आम्ही फेब्रुवारीतच देणाऱ्यांना सांगतो, की आत्ता पैसे नकोत, एप्रिलच्या शेवटी द्या. आत्ता दिले की खर्च होतात.

---

दळणकांडण | बुधवार, रात्री ८:३०

दुपारी २ ते ३ ची कल्पना मंडळात मांडली, बुधवार आणि शनिवार ठरतोय. सिलिंडरचं अजून झेपणार नाही.

दळणाचं मात्र काम झालं. गल्लीच्या तोंडाशी गिरणी आहे, तिथे आज जाऊन बसले. गिरणीवाले म्हणाले, अर्धे पैसे घेतो, उरलेले अर्धे माझ्याकडून. फक्त गुरुवारी पाठवू नका, लाईट नसते. अट एकच : प्रत्येक पिशवीवर नाव हवं, नाहीतर ह्याची ज्वारी त्याच्या गव्हात जाईल आणि शिव्या मला. मी म्हटलं, नावच तर नकोय. ते म्हणाले, मग काय करू, वास घेऊन ओळखू? शेवटी ठरलं की प्रत्येक घराला एक रंगाची लोकरीची गाठ द्यायची. पिशवीला ती बांधायची, दळण झालं की तीच गाठ बघून परत न्यायची. तीस-पस्तीस रंग मिळतील का हा प्रश्न आहे.

---

कंदीपेढा | बुधवार, रात्री ८:५२

तुळशीबागेत मिळतील. दोन रंग एकत्र पिळले की संख्या वाढते. माझ्याकडे विणकामाची उरलेली लोकर पिशवीभर पडून आहे, शनिवारी आणून देते.

---

कंट्रोलचा_पोरगा | बुधवार, रात्री ९:१०

गर्द निळा आणि काळा एकत्र देऊ नका. गिरणीत पिठाने दोन्ही सारखेच दिसतात.